तिसऱ्या आठवड्यातला फोन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोन वर्षांपासून गरोदर जोडप्यांचे क्लास घेताय, कळा कशा ओळखायच्या, श्वास कसा घ्यायचा, अंगावर कसं पाजायचं, आंघोळ कशी घालायची सगळं शिकवताय, लोक मन लावून ऐकतात, वहीत लिहून घेतात, आणि बाळ तीन-चार आठवड्यांचं झालं की त्यांच्यातल्याच कुणाचा तरी रडत फोन येतो की मॅडम, हे असं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय की क्लासमध्ये काय कमी पडतंय, आणि बाळ आल्यावर या लोकांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय. मी २३ वर्षं याच कामात आहे, आधी प्रसूती वॉर्डात नर्स होते आणि नंतर घरी जाऊन नव्या आईबाबांना भेटायला लागले, तर जे कळलंय ते सांगते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे तुमच्या क्लासमध्ये फार काही कमी पडत नाहीये. तुम्ही सांगितलेलं असतं आणि त्यांनी ऐकलेलंही असतं, पण सातव्या-आठव्या महिन्यात दोघांचाही सगळा जीव प्रसूतीत अडकलेला असतो, एकदा सुखरूप सुटका होऊ दे एवढंच डोक्यात चालू असतं, त्यापुढचं सगळं कानावरून जातं. मीही सुरुवातीची काही वर्षं क्लासमध्ये आणखी माहिती कोंबत राहिले, आणखी एक तक्ता, आणखी एक पान, आणि फोन येतच राहिले. मग लक्षात आलं की प्रश्न माहितीचा नाही, वेळेचा आहे. गर्दी असते पहिल्या आठवड्यात आणि गरज असते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. माझं सगळं उत्तर खरं तर या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे.

म्हणजे बघा, पहिल्या आठवड्यात काय होतं. हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, डॉक्टर राउंडला येतात, घरी आल्यावर माणसांची ये-जा, फोन, मेसेज, नवऱ्याला रजा असते, अंगात एक वेगळीच ताकद आलेली असते. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स झपकन खाली येतात, दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात भरून येतं, आणि नेमकं त्याच सुमाराला, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी, बाई उगाचच रडायला लागते. बाळाकडे बघून रडते, कुणी चांगलं बोललं तरी रडते. हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, आपोआप येतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं, आणि तेव्हा डोक्यावरून हात फिरवायला घरात माणसं असतात.

आता तिसरा आठवडा घ्या. पाहुणे संपले, नवऱ्याची रजा संपली, ती सुरुवातीची ताकद ओसरली, तीन आठवड्यांची झोप बाकी आहे. आणि नेमकं आत्ताच बाळ जास्त रडायला लागतं. ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या होत्या, त्यात दोन आठवड्यांचं बाळ दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होतं आणि सहा आठवड्यांचं होईपर्यंत तेच पावणेतीन तासांवर गेलं होतं, आणि मग उतरत गेलं. नंतरही हा चढ-उतार अनेकांनी बघितलाय. तब्येतीने ठणठणीत बाळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडतं, बरंचसं संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत कमी होतं. पण आईला काय वाटतं? तिला वाटतं की पहिल्या आठवड्यात बाळ इतकं शांत होतं आणि आता रोज जास्त रडतंय, म्हणजे मी काहीतरी चुकतेय, माझं दूध पुरत नाहीये. हा तिसऱ्या आठवड्यातला फोन त्याचाच असतो. क्लासमध्ये सांगितलेलं ‘सहाव्या आठवड्यात रडणं वाढतं’ हे वाक्य तिला आठवत नाही, आणि आठवलं तरी ते वहीतल्या बाळाबद्दल होतं, हातातल्या नाही.

म्हणून मी आता तेच वाक्य, तेच्या तेच, बाळ अठरा-वीस दिवसांचं असताना फोन करून सांगते. अजून काही दिवस वाढेल, मग उतरेल, तुझं काही चुकत नाहीये. दोन मिनिटांचं बोलणं असतं पण तेव्हा ते पोचतं. आणि त्याच फोनवर दोघांनाही एक गोष्ट बजावून सांगते, की पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, उचलून फिरवून झालं आणि तरी रडणं थांबत नाही आणि आता डोकं फिरायला लागलंय असं वाटलं, तर बाळाला त्याच्या पाळण्यात पाठीवर ठेवायचं, खोलीबाहेर जायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, कुणालातरी फोन करायचा. पाच मिनिटं पाळण्यात रडल्याने बाळाला काही होत नाही. हलवल्याने होतं. रागाच्या भरात काही सेकंद जोरात गदागदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे ऐकताना लोक दचकतात, आम्ही असं कसं करू म्हणतात, पण असं करणारी माणसंही तुमच्याआमच्यासारखीच असतात, फक्त कितीतरी रात्रींची जागलेली आणि एकटी. म्हणून हे आधी सांगून ठेवायचं, आणि ‘बाळाला खाली ठेवून बाहेर जाणं म्हणजे चांगलं आईबाप असणं’ हे स्पष्ट शब्दांत म्हणायचं, परवानगी दिल्यासारखं.

आता भेटायला गेल्यावर काय विचारायचं. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरी मी तीनदा गेले होते. बाळाचं वजन छान वाढत होतं, घर आवरलेलं, बाई हसतमुख, दर वेळी मी विचारायचे बाळ कसं आहे आणि ती म्हणायची मस्त. मी वहीत सगळं ठीक लिहून यायचे. नवव्या आठवड्यात तिच्या बहिणीचा फोन आला की ती रात्रभर जागी असते, बाळ झोपलेलं असतं तरी ती छताकडे बघत पडलेली असते, आणि परवा म्हणाली की बाळाला माझ्यापेक्षा चांगली आई मिळायला हवी होती, मी नसलेलीच बरी. त्या तीन भेटींत मी तिला तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. सगळे प्रश्न बाळाचे होते. ती बरी झाली, वेळेत डॉक्टरकडे गेली, औषधं आणि समुपदेशन दोन्ही झालं, पण ते माझ्यामुळे नाही, बहिणीमुळे. तेव्हापासून मी दारातून आत गेल्यावर आधी बाळाकडे बघतच नाही. ठरवून. आधी आईकडे, मग बाबाकडे, मग बाळ.

आणि ‘कशी आहेस’ असंही विचारत नाही कारण त्याचं उत्तर ‘ठीक’ असंच येतं. मी विचारते काल रात्री सलग किती वेळ झोप झाली. बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का, की लागत नाही? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, बाळ उठवतं म्हणून झोप न होणं हे सगळ्यांचंच असतं, पण बाळ शांत झोपलंय आणि आई तरी झोपू शकत नाही ही धोक्याची खूण आहे. मग विचारते दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते. शेवटचं निवांत बसून कधी जेवलीस. घरात कुणाशी मोकळं बोलता येतं. या प्रश्नांना ‘ठीक’ असं उत्तर देताच येत नाही, काहीतरी खरं सांगावंच लागतं.

याच्याच जोडीला एक साधन वापरायला शिका, एडिनबर्ग प्रश्नावली. १९८७ मध्ये तयार झालेली, फक्त दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, पाच मिनिटांत भरून होते. अनेक भाषांमध्ये मिळते. हे निदान नाही बरं का, गाळणी आहे, गुण जास्त आले तर पुढे मानसोपचाराच्या माणसाकडे पाठवायचं एवढाच त्याचा अर्थ. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, त्याला ‘कधीही नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असू दे, त्याच दिवशी बोलायचं, तिथेच बसून. पुष्कळ जणींना वाटतं की असं विचारलं तर डोक्यात नसलेला विचार आपण घालू. तसं होत नाही, विचारल्याने विचार येत नाहीत, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बाईचा जीव हलका होतो, हे मी कितीदा डोळ्यांनी पाहिलंय.

फरक कसा ओळखायचा ते साध्या भाषेत सांगते. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू येतं-जातं, मध्ये ती हसतेही. दोन आठवडे उलटूनही उदासपणा जात नसेल, किंवा कशातच मन लागत नसेल, सतत अपराधी वाटत असेल, किंवा उदास नाही पण प्रचंड भीती, छाती धडधडणं, बाळाचा श्वास चालू आहे का हे रात्रीतून वीस वेळा उठून बघणं असेल, तर ते डिप्रेशन किंवा चिंतेचा आजार असू शकतो. जगभरात बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजाराचा, मुख्यतः डिप्रेशनचा, त्रास होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे तुमच्या आठ जणींच्या बॅचमध्ये एक धरूनच चाला. हा आजार आहे आणि उपचाराने बरा होतो, अंगावर पाजत असताना घेता येतात अशीही औषधं असतात, ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त तिला तिथपर्यंत पोचवायचं. शक्य असेल तर रक्त तपासून घ्यायलाही सांगा, अंगात रक्त कमी असणं किंवा बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडणं यानेही असंच थकल्यासारखं आणि उदास वाटतं, आणि ते मनाचं म्हणून सोडून दिलं जातं.

तिसरा प्रकार वेगळाच आणि तो क्वचित येतो, हजारात एक-दोन बाळंतपणांमध्ये. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक. बाई अजिबात झोपत नाही पण थकलेलीही वाटत नाही, असंबद्ध बोलते, भास होतात, कुणीतरी बाळाचं वाईट करणार आहे अशी पक्की समजूत होते. तिथे वाट बघायची नाही, तिला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

आणि याच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून आणखी एक सांगते, कारण याबद्दल कुणीच बोलत नाही. नव्या आईबाबांच्या मनात भयंकर विचार चमकून जातात. जिन्यावरून उतरताना बाळ हातातून पडलं तर, आंघोळ घालताना बुडालं तर, आणि कधीकधी त्याहून वाईट, मीच याला काही केलं तर. हे नको असलेले विचार निम्म्याहून जास्त आयांना येतात, बापांनाही येतात, आणि ज्यांना येतात त्या घाबरून जातात, चाकू बघून दूर सरकतात, आपण राक्षस आहोत असं समजून कुणाला सांगत नाहीत. ज्या विचाराची आपल्यालाच भीती आणि किळस वाटते तो विचार म्हणजे इच्छा नव्हे, राखण करणारं मन सगळीकडे धोका शोधत असतं त्यातून तो येतो. मी हे क्लासमध्ये उघडपणे सांगायला लागले आणि पुढची कित्येक वर्षं क्लास संपल्यावर कुणीतरी मागे थांबायचं, डोळ्यांत पाणी, बहुतेक वेळा दुसरं बाळ होणार असलेली बाई, आणि म्हणायची मला पहिल्या वेळी असं व्हायचं, मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हे विचार दिवसभर पिच्छा सोडत नसतील तर त्यावरही उपचार आहेत, त्यासाठीही पाठवा.

आता बाबांबद्दल, इथे मला तुमच्या क्लासमध्ये खरंच बदल हवाय. तुम्ही लिहिलंय की ‘नवऱ्यांना मदत कशी करायची ते शिकवते’. तो मदत शब्दच काढून टाका. मदत करणारा माणूस विचारत बसतो काय करू, आणि मग काय करायचं हे लक्षात ठेवायचं कामही आईवरच पडतं, आणि तेच सगळ्यात दमवणारं असतं. त्याला काम नाही, पूर्ण जबाबदारी द्या. उदाहरणार्थ आंघोळ त्याची, म्हणजे पाणी गरम करण्यापासून कपडे धुवायला टाकण्यापर्यंत त्याची, साबण संपत आलाय हे त्याच्याच लक्षात यायला हवं, आणि बायकोने तिथे उभं राहून असं धर तसं धर म्हणायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड असतं. मी आयांना सांगते की पहिले दहा दिवस तो लंगोट वाकडा बांधेल, बांधू दे, तूही पहिल्या दिवशी वाकडाच बांधला होतास, फक्त तुझा सराव त्याच्याआधी झाला. शिकायची संधी त्याच्या हातातून काढून घेतली की तो बाजूला होतो, मग तो काहीच करत नाही अशी तक्रार येते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बाबांनाही डिप्रेशन येतं. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापून आलं होतं, त्यात साधारण दहातल्या एका बापाला असा त्रास दिसला, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना जास्त. आणि बायको डिप्रेशनमध्ये असेल तर नवऱ्यालाही येण्याची शक्यता वाढते. पण ते वेगळ्या कपड्यात येतं. तो रडत नाही, चिडचिड करतो, ऑफिसात उशिरापर्यंत थांबतो, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, नाहीतर पिणं वाढतं. घरच्यांना वाटतं याला बाळाची आवड नाही. मी त्याच्याशी वेगळं बोलते, बायको समोर नसताना, दारापर्यंत सोडायला येतो ना तेव्हा, तिथे चप्पल घालताघालता विचारते, तुमचं कसं चाललंय, तुम्हाला हे सगळं कसं वाटतंय. पुष्कळदा पहिल्यांदा गप्प होतात. मग बोलतात. काही बोलणी तर पंधरा मिनिटं दारातच चालली आहेत.

दोघांच्या नात्याचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या गॉटमन यांच्या अभ्यासात बाळ झाल्यावरच्या पहिल्या तीन वर्षांत साधारण दोन तृतीयांश जोडप्यांचं आपसातलं समाधान घसरलेलं दिसलं होतं. मी हा आकडा जोडप्यांना मुद्दाम सांगते, घाबरवायला नाही, तर भांडण झालं की आपलंच लग्न बिघडलं असं त्यांना वाटू नये म्हणून. आणि दोन-तीन गोष्टी आधी ठरवून घ्यायला लावते. रात्री बारा ते सकाळी सहा या वेळात कुठलाही निर्णय नाही आणि कुठलाही हिशोब नाही, कोण किती वेळा उठलं वगैरे. रात्री तीन वाजता जे काही बोललं जातं ते झोप बोलत असते, माणूस नाही. दुसरं म्हणजे झोप वाटून घ्यायची, दोघांनी मिळून जागायचं नाही. दोघंही रात्रभर अर्धवट जागे राहण्यापेक्षा प्रत्येकाला सलग चार-पाच तास मिळाले तर माणूस माणसात राहतो. अंगावर पाजणारी आई असली तरी थोडंफार जमतं, तिने नऊला पाजायचं आणि झोपायचं, मध्ये भूक लागली तर बाबाने बाळ तिच्याजवळ आणायचं, पिऊन झालं की लगेच उचलून न्यायचं, ढेकर काढणं, लंगोट, परत झोपवणं सगळं त्याचं, तिने पूर्ण जागंच व्हायचं नाही. सुरुवातीला एवढं सलग नाही मिळत, पण जेवढं मिळेल तेवढं. नवं बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं खरं, पण तुकड्या-तुकड्यांत, आणि दिवस-रात्र त्याला दोन-तीन महिन्यांनंतरच कळायला लागते. त्याला शिस्त लावायच्या भानगडीत आत्ता पडू नका म्हणावं.

पाजण्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही शिकवताच. तिसऱ्या आठवड्यातल्या आईला नवी माहिती नको असते, तिला भरवसा हवा असतो, आणि भरवसा मोजता येणाऱ्या गोष्टींनी येतो. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणं, पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा ओले लंगोट, जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत परत आलेलं. हे तीन जमत असेल तर दूध पुरतंय, संध्याकाळी कितीही रडत असलं तरी. जमत नसेल तर मात्र वाट न बघता बाळ आणि पाजणं दोन्ही कुणाला तरी दाखवायचं. आणि जिचं नाही जमलं, वरचं दूध द्यावं लागलं, तिच्यासमोर हळहळू नका. आईचं दूध चांगलंच, मी आयुष्यभर तेच सांगत आलेय, पण पाजता न येणं म्हणजे आईपणात नापास होणं हे आपल्या चेहऱ्यावरून तिला वाचायला मिळालं तर ती परत फोन करणार नाही, आणि तिला आपली गरज इतरांपेक्षा जास्त असते.

तसंच प्रेमाचं. सगळ्यांना वाटतं बाळ हातात आल्याक्षणी पान्हा फुटावा तसं प्रेम फुटेल. काहींचं होतं तसं. काहींना आठवड्याने, महिन्याने, हळूहळू येतं, आधी फक्त जबाबदारीची धास्ती असते. ज्यांचं हळू येतं त्या कुणालाच सांगत नाहीत. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांच्यातल्या देवाणघेवाणीचा बारकाईने अभ्यास केलाय, त्यात चांगल्या, सुदृढ जोड्यांमध्येही दोघांचे सूर साधारण तीस टक्केच वेळ जुळलेले असतात, बाकी वेळ चुकामूक आणि मग परत जुळवणं. बाळाला असे परत जुळवून घेणारे आई-बाबा हवे असतात. हे मी बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना सांगते, तोपर्यंत ते हसायला लागलेलं असतं आणि आईला स्वतःलाच ते दिसायला लागतं.

आजी-आजोबांना विसरू नका, आणि त्यांना विरोधी पक्षात बसवू नका. बऱ्याच घरांत नव्या आईला सगळ्यात जास्त त्रास होतो तो उलटसुलट सल्ल्यांचा, डॉक्टर एक सांगतात, आई दुसरं, सासू तिसरं, मोबाईल चौथं. मी आजीला म्हणते की तुमच्या वेळी बाळाला पालथं झोपवायला सांगायचे ना, तेव्हा बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच तसं सांगायचे, तुमचं काही चुकलं नव्हतं. मग १९९० च्या सुमाराला वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलं की पालथ्या झोपलेल्या बाळांमध्ये झोपेतले अचानक मृत्यू जास्त होतात, बाळांना पाठीवर झोपवायच्या मोहिमा निघाल्या आणि कित्येक देशांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून आता पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी-दुलई-खेळणी काही नाही. असं सांगितलं की आजी वाद घालत नाही, कारण आपण तिला खोटं ठरवलेलं नसतं, आणि मग तीच घरात पहारा करते. आजीला कामही नेमून द्या, बाळ घेऊन बसण्याऐवजी आईचं बाकीचं ओझं उचलणारं. येणाऱ्या प्रत्येकाला बाळ हवं असतं आणि आई मात्र त्यांच्यासाठी पाणी आणायला उठते, हे उलटं व्हायला हवं.

काही जोडप्यांकडे जास्त लक्ष ठेवा. बाळ आयसीयूत राहिलेलं असेल, अचानक सिझेरियन झालं असेल, आधी गर्भपात झालेला असेल किंवा बाळ गमावलेलं असेल, कुणाला आधी डिप्रेशन होऊन गेलं असेल, आई किंवा बाप एकटेच वाढवत असतील. दत्तक घेणाऱ्या आईबाबांनाही हेच सगळं होतं, रात्रीची जागरणं तीच, आणि त्यांना तर वाटतं की आपण मागून घेतलंय तर तक्रार कशी करायची. त्यांच्या याद्या मी वेगळ्या ठेवते आणि त्यांना एक फोन जास्तीचा करते.

शरीराकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका, मनाबद्दल इतकं बोलले म्हणून हे राहायला नको. एका तासात पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पायाला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच घटकेला डॉक्टर. बाळंतपणानंतर बऱ्याच आठवड्यांपर्यंत रक्तदाब वाढू शकतो, फक्त गरोदरपणातच वाढतो असं नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्यापेक्षा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

तर करायचं काय या तुमच्या प्रश्नावर, मी तुमच्या जागी असते तर क्लासचं एक सत्र काढून टाकलं असतं, आंघोळीचं काढा हवं तर, ते हातात बाळ आल्यावर अर्ध्या तासात शिकता येतं, आणि तो वेळ बाळ झाल्यानंतर वापरला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत पहिल्या चोवीस तासांच्या देखरेखीनंतर निदान तीन भेटी सांगितल्यात, ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. त्या आरोग्यसेवेच्या भेटी आहेत, त्या होतायत ना एवढं विचारा, आणि त्यांच्या मधल्या खड्ड्यात आपण उभं राहायचं, कारण दुसरा आठवडा ते सहावा आठवडा यात त्यांच्याकडे कुणीच येत नाही. माझा ठरलेला क्रम असा आहे, दहाव्या दिवशी छोटा फोन, विसाव्या दिवशी रडण्याबद्दलचा तो फोन, पाचव्या आठवड्यात एक प्रत्यक्ष भेट ज्यात ती दहा प्रश्नांची यादी भरून घेते, आणि दोन महिन्यांनी सगळ्या बॅचला बाळांसकट एकत्र बोलावते. त्या दिवशी शिकवायचं काहीच नसतं. खाली गोल करून बसायचं, बाळं मध्ये, आणि एकीने एकदा ‘मी परवा बाथरूममध्ये जाऊन रडले’ म्हटलं की बाकीच्या आपोआप बोलायला लागतात, बाबासुद्धा. त्यातल्या कित्येक बॅचेस अजून एकमेकींच्या संपर्कात आहेत, माझी गरज त्यांना कधीच संपली.

जन्माची बातमी आली की त्याच दिवशी या चारही तारखा डायरीत लिहून ठेवा, नंतर लिहू म्हटलं की राहतं. आणि फोन आपण करायचा, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून ठेवून द्यायचा नाही, ज्याला खरंच लागलेलं असतं तो स्वतःहून फोन करत नाही. तुमच्याकडे आत्ता ज्या जोडप्यांची बाळं दोन ते आठ आठवड्यांची आहेत त्यांची नावं काढा आणि उद्यापासून सुरू करा, पहिला प्रश्न, काल रात्री सलग किती वेळ झोपलीस.